पक्षाघातानंतर ज्येष्ठांना रोजचं किती जमतं, हे कसं मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दवाखान्यातून सोडताना फाइलवर ‘बार्थेल ४५’ किंवा ‘एमआरएस ४’ असं काहीतरी खरडलेलं असतं. ते काय आहे, हे विचारायचं घाईत राहून जातं आणि प्रश्न सुरू होतात ते घरी आल्यावर. मी व्यवसायोपचार करते, म्हणजे सगळे ज्याला नुसतं ‘ओटी’ म्हणतात ते. नातेवाईक जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे आहेत. पेशंटला न बघता दिलेली उत्तरं आहेत, तेव्हा औषधोपचाराचे निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

एमआरआय झालाय, त्यात सगळं दिसतं. मग ‘अंघोळ कोण घालतं’ असले प्रश्न कशाला?

मेंदूचा कुठला भाग गेला ते एमआरआयमध्ये दिसतं. माणूस पायजम्याची नाडी स्वतः बांधतो की नाही, ते दिसत नाही. छोटासा डाग नेमक्या जागी पडला तर अर्धं अंग लुळं पडतं, आणि मोठा डाग असूनही कुणी स्वतःच्या पायांनी घरी जातं.

दाखल करताना डॉक्टर हात वर धरायला लावतात, महिना विचारतात, वस्तूंची नावं सांगायला लावतात. ती एनआयएचएसएस नावाची तपासणी, ० ते ४२ गुणांची. तिथे गुण जास्त म्हणजे आजार जास्त. बार्थेल म्हणजे रोजची कामं मोजायची पद्धत. तिथे नेमकं उलटं, गुण जास्त म्हणजे माणूस जास्त स्वावलंबी. दोन्ही आकडे एकाच पानावर असले की घरचे गोंधळतात. साहजिक आहे.

बार्थेलचे गुण कसे देतात?

अमेरिकेतल्या मेरीलँडमधल्या डॉक्टर फ्लॉरेन्स माहोनी आणि फिजिओथेरपिस्ट डोरोथिया बार्थेल यांनी ही पद्धत १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. इतकी वर्षं झाली तरी ती टिकून आहे, कारण पाच-दहा मिनिटांत होते आणि कुठलंही यंत्र लागत नाही. त्यात दहा गोष्टी बघतात: जेवण, अंघोळ, तोंड धुणं-केस-दाढी, कपडे, शौचावरचा ताबा, लघवीवरचा ताबा, संडासचा वापर, पलंगावरून खुर्चीत जाणं, चालणं आणि जिना. गुण ५च्या टप्प्यांनी देतात. अंघोळीला आणि तोंड धुण्याला जास्तीत जास्त ५, पलंग-खुर्ची आणि चालण्याला १५, बाकी सहा गोष्टींना १०. एकूण १००.

समजा, बहात्तर वर्षांचे एक आजोबा आहेत, उजवी बाजू कमजोर. भाकरी कुणीतरी मोडून दिली की स्वतः खातात: ५. अंघोळ मुलगा घालतो: ०. दात, तोंड, केस डाव्या हाताने स्वतः करतात, दाढीही: ५. सदऱ्याची एक बाही दुसऱ्याने चढवावी लागते, बाकी स्वतः: ५. शौचावर पूर्ण ताबा: १०. लघवी एखाद्या दिवशी कपड्यात होते: ५. संडासात कपडे सावरायला मदत लागते: ५. पलंगावरून उठताना हलका हात द्यावा लागतो: १०. एका माणसाच्या आधाराने पन्नास यार्ड, म्हणजे साधारण ४५ मीटर, चालतात: १०. जिना नाही: ०. बेरीज ५५.

काही दवाखान्यांत २० पैकी गुण लिहितात. ती १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये मांडलेली पद्धत. ‘२० पैकी ११’ वाचून धसका घेऊ नका, हेच ते ५५ गुणांचे आजोबा.

नियमांतल्या दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात. काठी, वॉकर, कॅलिपर, कड असलेली ताटली यांच्या मदतीने काम जमत असेल तर पूर्ण गुण मिळतात, साधन वापरलं म्हणून कापत नाहीत. मात्र ‘आम्ही हात लावत नाही, फक्त पडू नयेत म्हणून बाजूला उभे राहतो’ असं असेल तर पूर्ण गुण नाहीत. बाजूला उभं राहणं हीसुद्धा मदतच. लघवीची नळी असेल आणि ती पिशवीसकट स्वतः सांभाळत असतील तर १०, दुसऱ्याने सांभाळायची असेल तर ०.

‘त्यांना जमतं, पण ते करत नाहीत.’ मग काय लिहायचं?

करत नाहीत, असंच लिहायचं.

सगळ्या मोजणीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच मुद्दा, आणि घोळही सर्वांत जास्त इथेच होतो. बार्थेलमध्ये गेल्या एक-दोन दिवसांत माणसाने प्रत्यक्षात काय केलं ते नोंदवायचं असतं. काय करता आलं असतं, ते नाही. थेरपीच्या खोलीत गुळगुळीत फरशीवर, कठड्याला धरून, समोर थेरपिस्ट ‘शाब्बास’ म्हणत असताना आजी वीस पावलं चालतात. घरी संडासला जाताना मात्र दोघं धरून नेतात, कारण मध्ये उंबरठा आहे, सकाळी सगळ्यांनाच घाई आहे, आणि ‘पडल्या तर?’ ही धास्ती आहे. घरचा आकडा कमी येतो आणि खरा आकडा तोच.

तो का कमी आला, हे पुढे शोधायचं. आपल्याकडे एक कारण वारंवार सापडतं: माया. सून घास भरवते, कारण सासऱ्यांना स्वतः जेवायला पाऊण तास लागतो आणि सांडलेलं बघवत नाही. शेजारणी काय म्हणतील, ‘म्हाताऱ्याला एकट्याला जेवायला बसवलंय’, हेही मनात असतं. त्यात वाईट हेतू काहीच नाही. पण दोन महिने भरवल्यावर हात खरोखरच विसरतो. म्हणून मी प्रत्येक कामाचे दोन प्रश्न विचारते: काल हे कुणी केलं? आणि वेळ भरपूर असता, तर यांनी स्वतः किती केलं असतं? गुण पहिल्या उत्तरावर देते. उपचार ठरवताना दोन्ही उत्तरांतलं अंतर बघते.

उजवा हात गेलाय. डाव्या हाताने जेवायला आजी तयार नाहीत. हे ‘जमत नाही’ धरायचं का?

धरायचं. आजी भरवून घेत असतील तर गुण त्याप्रमाणेच द्यायचे. पण शेऱ्यात कारण लिहायला हवं, नाहीतर पुढचा माणूस हाताचे व्यायाम वाढवत बसेल.

ही पद्धत काटा-सुरीच्या टेबलावर तयार झाली. तिथे जेवणाच्या मदतीचं उदाहरण म्हणून मांस कापून देणं, पावाला लोणी लावून देणं असं येतं. आपल्याकडे पोळीचा तुकडा मोडणं, भातात वरण कालवणं, माशाचा काटा काढणं ही कामं येतात, आणि पोळी एका हाताने मोडणं किती अवघड आहे ते एकदा करून बघा. त्यावर डाव्या हाताचा प्रश्न. ज्या हाताने आयुष्यभर शौचाचं केलं, त्याच हाताने ताटात हात घालायचा, हे सत्तर-पंचाहत्तरीच्या माणसाला घाण वाटतं. पंगतीत तर नकोच, देवाचा प्रसादही डाव्या हातात घेत नाहीत. ‘आता चालतं हो आजी’ म्हटल्याने ते जात नाही.

उपयोग होतो तो असा: जेवणापुरता चमचा, म्हणजे अन्नाला डाव्या हाताचा स्पर्श नाही. चमच्याची मूठ जाड करून घ्यायची. ताटाऐवजी उभ्या काठाची थाळी, खाली ओलं फडकं, म्हणजे ती सरकत नाही. आणि शौचासाठी जेट स्प्रे. डाव्या हाताची ती कामं कमी झाली की जेवणाचा विरोधही बऱ्याचदा मावळतो. उजव्या हातात थोडी ताकद असेल तर तो ताटाशी टेकवून ठेवायला सांगते, निदान थाळी धरायला तरी.

दवाखान्यात कमोड होता, घरी देशी संडास आहे. गुण कुठले खरे?

माणूस जिथे राहतो तिथले. कमोडवर स्वतः बसणारी व्यक्ती देशी संडासात उकिडवी बसू शकेलच असं नाही, आणि बसलीच तर उठेल याची खात्री नाही. अंघोळीचंही तेच: दवाखान्यात खुर्चीवर शॉवर, घरी मोरीत पाटावर बादली-तांब्या. मला शक्य असेल तेव्हा मी घरी जाऊन बघते, नाहीतर संडास, मोरी, उंबरठा आणि पलंगाची उंची यांचे फोटो मागवते. बैठकीचा कमोड-स्टूल, भिंतीला पक्का दांडा आणि उंच पलंग एवढ्यावर गुण वाढलेले बघितले आहेत, हात-पाय तेवढेच असताना.

उठवताना कमजोर हात ओढू नका. खांद्याचा सांधा निखळतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो. मोजणीशी याचा संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एमआरएस म्हणजे काय? त्यात एकच आकडा का?

ग्लासगोचे डॉक्टर जॉन रँकिन यांनी १९५७ मध्ये मांडलेली श्रेणी पुढे सुधारून वापरात आली, ती ही मॉडिफाइड रँकिन स्केल. ० म्हणजे काहीच त्रास नाही. १ म्हणजे थोडी लक्षणं, पण नेहमीची सगळी कामं होतात. २ म्हणजे पूर्वीचं सगळं जमत नाही, तरी स्वतःचं स्वतः निभावतं. ३ म्हणजे थोडी मदत लागते, पण चालतात आपले आपण. ४ म्हणजे आधाराशिवाय चालता येत नाही आणि अंगाचं करायलाही मदत लागते. ५ म्हणजे अंथरुणाला खिळलेले, सतत कुणीतरी हवं. ६ म्हणजे मृत्यू.

औषधांच्या अभ्यासात सहसा तीन महिन्यांनी हाच आकडा बघतात. संशोधनाला तो सोयीचा, पण घरी पुढचा आठवडा कसा काढायचा ते त्यावरून कळत नाही. ४वरून ३वर यायला कधीकधी अनेक महिने जातात आणि मधल्या काळात माणूस स्वतः जेवायला, स्वतः कूस बदलायला शिकलेला असतो. त्याची या आकड्यात नोंदच होत नाही.

बार्थेल १०० आहे. तरी त्यांना एकटं ठेवायची भीती वाटते. आम्ही उगाच घाबरतोय का?

नाही. माहोनी आणि बार्थेल यांनीच लिहून ठेवलं होतं की १०० गुण मिळाले म्हणजे माणूस एकटा राहू शकेल असं नाही. स्वयंपाक, पैसे, औषधं, फोन, बाहेर जाणं यांतलं काहीच त्या दहा प्रश्नांत नाही. शंभराचा अर्थ एवढाच की अंगाचं सगळं स्वतः होतं.

त्यापुढचं बघायला लॉटन आणि ब्रॉडी यांची १९६९ची आठ प्रश्नांची यादी आहे: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैशाचे व्यवहार. गंमत म्हणजे मूळ पद्धतीत पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि धुण्याचे गुण धरतच नसत. १९६९च्या अमेरिकेत आणि आजच्या सांगली-सातारच्या बऱ्याच घरांत या बाबतीत फारसा फरक नाही. ज्यांनी उभ्या जन्मात चहा केला नाही, त्यांना ‘चहा करता येतो का’ विचारून काय कळणार? मी आधी विचारते, आजारापूर्वी हे काम तुमच्याकडे होतं का. असेल तर आता होतं का.

मग नेमके प्रश्न. पेन्शन किती आली ते सांगता येतं का? गोळ्यांचा डबा त्यांनी स्वतः भरला तर बरोबर भरतात का? गॅस बंद करायचा राहतो का? मोबाइलवर मुलीला फोन लावता येतो का? ओटीपी मागणाऱ्याला तो सांगून टाकतील का? शेवटचा प्रश्न कुठल्याच जुन्या यादीत नाही, पण मी तो सोडत नाही.

आणखी एक गोष्ट नजरेतून निसटते. मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झाला असेल तर काही जणांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डोळे ठीक असतात. तरी ताटातलं उजवीकडचं संपवतात आणि डावीकडची भाजी तशीच राहते, दाढी अर्धी होते, चालताना डावा खांदा चौकटीला आपटतो. विचारलं तर ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतात, आणि ते खोटं बोलत नसतात. असा माणूस रस्ता ओलांडायला एकटा सोडायचा नाही, बार्थेल काहीही असो.

बोलणं गेलंय. मग त्यांना विचारायचं कसं? आम्हीच उत्तरं द्यायची ना?

तुमची उत्तरं लागतातच, पण त्यांना वगळून नाही. बोलणं गेलं म्हणजे समज गेली असं नसतं. काहींचं कळणंही बिघडतं, आणि ते सगळ्याला ‘हो’ म्हणतात. म्हणून उलटसुलट विचारून बघायचं: ‘तुम्ही पुण्यात राहता?’ मग ‘तुम्ही नागपूरला राहता?’ दोन्हीला हो आलं, तर त्या हो-नाहीवर विसंबायचं नाही. मग वस्तू हातात देऊन बघते, कंगवा दिला तर काय करतात, चित्रावर बोट ठेवता येतं का. हळू, एका वेळी एकच वाक्य. मोठ्याने ओरडून फायदा नाही, कान शाबूत आहेत. नसतील, तर श्रवणयंत्र घाला. चष्मा आणि कवळीसुद्धा. तपासणीला आणताना हे तीनही घरी ठेवून येणारे बरेच असतात, आणि मग अर्धे निष्कर्ष चुकतात.

गुडघे तर आधीपासून गेलेले होते. तेही यात मोजलं जातं का?

मोजलं जातं. माणसाला जिना चढता येत नसेल तर गुण ०, कारण गुडघा असो की मेंदू. पण आजारापूर्वीचं चित्र वेगळं लिहून ठेवायला हवं: आधी एकटे बाजारात जायचे का, काठी होती का, विसरभोळेपणा होता का, मोतीबिंदू होता का. ज्या आजी स्ट्रोकच्या आधीपासूनच घराबाहेर पडत नव्हत्या, त्यांना ‘तीन महिन्यांत देवळात नेऊ’ असं सांगणं बरोबर नाही. स्मरणाच्या चाचण्यांबाबतही सावध राहावं लागतं. शाळेत न गेलेल्या माणसाला घड्याळ काढायला किंवा शंभरातून सात वजा करायला सांगितलं, तर गुण शाळा नसल्यामुळे जातात.

दिवसभर पडून असतात, मधेच रडतात. आळस आहे का हा?

बहुतेक वेळा नाही. स्ट्रोकनंतर साधारण तीनपैकी एकाला कधी ना कधी नैराश्य येतं. झोप, भूक, ‘आता माझा काय उपयोग’ अशी वाक्यं, याकडे लक्ष ठेवा आणि डॉक्टरांना सांगा, त्यावर उपचार आहेत. काहींना क्षुल्लक कारणाने रडू किंवा हसू फुटतं आणि लगेच थांबतं. तो वेगळा प्रकार आहे, मेंदूच्या इजेमुळे होतो. शिवाय थकवा. दात घासून झाल्यावर तासभर झोपावं लागणारा माणूस नाटक करत नसतो.

‘मरू द्या मला’ असं कुणी म्हणालं तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

किती दिवसांनी पुन्हा मोजायचं? सहा महिन्यांनंतर काही सुधारत नाही म्हणतात, खरं का?

सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो, नंतर तो मंदावतो. मंदावतो म्हणजे संपत नाही. साधनं, सराव आणि घरातले बदल यांमुळे वर्षानंतरही रोजच्या कामांत फरक पडतो. दवाखान्यात येताना, सोडताना, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने मोजलं तर चित्र समजतं. दर आठवड्याला बेरीज करू नका. शंभरात पाचचा फरक नुसता विचारणारा बदलला म्हणूनही पडू शकतो. गुण अचानक खाली आले मात्र, तर कारण शोधा: लघवीचा संसर्ग, पडणं, नवीन गोळीची गुंगी. एकाएकी तोंड वाकडं, हात लुळा किंवा बोलणं अडखळलं, तर कागद बाजूला ठेवून थेट दवाखाना.

बार्थेल ५५ म्हणजे ४५ टक्के अपंगत्व, बरोबर?

अजिबात नाही. हा गैरसमज घेऊन लोक जिल्हा रुग्णालयात जातात आणि वाद घालतात. दिव्यांग प्रमाणपत्राची टक्केवारी केंद्राच्या ठरलेल्या निकषांनी काढतात, त्यात अवयवांची कमजोरी, वाचा वगैरे वेगळं तपासतात. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा, त्यात २१ प्रकार आहेत, आणि स्ट्रोकमुळे कायमची गेलेली वाचा त्यात बसते. हाता-पायांची आणि वाचेची टक्केवारी सरळ बेरीज करून मिळत नाही, त्याला सूत्र आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. अर्ज स्वावलंबन पोर्टल या सरकारी वेबसाइटवर करायचा आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. स्ट्रोकनंतर पंधरा दिवसांत धावलात, तर ‘उपचार होऊ द्या, मग या’ असं सांगण्याची शक्यता जास्त.

ओटी म्हणजे फिजिओच ना?

नाही. फिजिओथेरपिस्टचा भर ताकद, तोल, चालणं यांवर. आमचा, त्या ताकदीने साडी कशी नेसायची, यावर. भारतातली व्यवसायोपचाराची पहिली शाळा १९५० मध्ये मुंबईच्या केईएममध्ये निघाली, ती कमला निंबकर यांच्या खटपटीने. तरी नाव सांगितलं की लोक अजून विचारतात, ‘कुठला व्यवसाय?’

घरातलं सगळं आईच करते. तिचं वय अडुसष्ट. तिला कुणी मोजतं का?

मोजायला हवं, आणि फार कमी ठिकाणी मोजतात. झरीट नावाची बावीस प्रश्नांची एक यादी सांभाळणाऱ्यासाठीच आहे. ती नसली तरी चार प्रश्न पुरतात: रात्री किती वेळा उठावं लागतं, कंबर-गुडघे दुखतात का, स्वतःची बीपीची गोळी वेळेवर घेता का, महिन्याभरात घराबाहेर कधी पडलात. आई समोर असेल तर नवऱ्यादेखत ती खरं बोलणार नाही. तिला वेगळं, स्वयंपाकघरात गाठून विचारा.

आमच्या वडिलांना फक्त पारावर पत्ते खेळायला जायचंय. याला कुठे गुण आहेत?

बार्थेलमध्ये नाहीत. कॅनडात तयार झालेली एक पद्धत आहे, सीओपीएम. त्यात पेशंट स्वतःला महत्त्वाची अशी जास्तीत जास्त पाच कामं सांगतो आणि ती किती जमतात, त्यात किती समाधान आहे, याला १ ते १० गुण स्वतःच देतो. वडिलांना पत्ते हवेत तर पत्ते: एका हातात पानं धरायला लाकडी खाच असलेली पट्टी, पारापर्यंतची वाट, तिथे टेकायला खुर्ची. अशा कामासाठी माणूस जो सराव करतो, तो दोरी ओढायच्या व्यायामाला करत नाही.

पुढच्या तपासणीला येताना काय आणायचं?

जुनी फाइल, सगळ्या गोळ्या पाकिटांसकट, चष्मा, श्रवणयंत्र, कवळी. रोजची चप्पल, नवी नको. घरच्या संडास-मोरीचे फोटो. मागच्या दोन दिवसांची नोंद: प्रत्येक काम कुणी केलं, किती वेळ लागला, लघवी-शौच कितीदा कपड्यात झालं, पाणी पिताना ठसका लागला का. ठसका वारंवार लागत असेल किंवा पाणी प्यायल्यावर आवाज ओला-घोगरा होत असेल तर तपासणीच्या तारखेपर्यंत थांबू नका, फुप्फुसात अन्न-पाणी जाऊन न्यूमोनिया होतो. आणि रात्री पेशंटजवळ जो झोपतो त्यालाच सोबत आणा. अमेरिकेहून सुट्टीला आलेला मुलगा प्रश्न चांगले विचारतो, पण उत्तरं त्याच्याकडे नसतात.